उठून गेलेल्याचा मोक्ष

गेल्या सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी गुरुजी गोत्रावर अडले. महालयात आई-वडील, आजे-पणजे झाले की काका, मामा, आत्या, मावश्या असं सगळं गणगोत येतं; एकेकाचं नाव, गोत्र आणि पिंड. बाबांनी यादीत एक नाव नव्यानं घातलं होतं, त्यांच्या धाकट्या बहिणीचं. गुरुजींनी विचारलं, "यजमानांचं गोत्र?" लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचं गोत्र लागतं. आत्याचे यजमान तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आत्या मिरजेला नर्सिंग शिकायला गेली, तिथं तिनं बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षांनी लग्न केलं. आमच्या घरात मात्र हा क्रम कायम उलटा सांगितला गेला. पोरगी प्रेमात पडली आणि बाटली, हे नातेवाइकांना कळू शकत होतं. विचार करून गेली, हे कुणाला सांगणार?

"ते ख्रिश्चन होते," बाबा म्हणाले. गुरुजी क्षणभर थांबले. भला माणूस. "गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात," असं म्हणून त्यांनी पुढचा मंत्र सुरू केला. बाबांच्या अंगठा-तर्जनीमधून तिळाचं पाणी ताम्हनात पडलं आणि आत्या काश्यप गोत्राची झाली.

स्वधर्माबाहेर मोक्ष असतो का, या प्रश्नावर आपल्याकडं लिहिणारे-बोलणारे बहुतेक वेळा जन्मानं बाहेर असलेल्याचा विचार करतात. शेजारचा मुसलमान, वसईचा कॅथलिक, कुठला तरी जपानी भिक्षू. त्यांना मोक्ष द्यायला आपलं काय जातं? मनाचा मोठेपणा दिसतो आणि खर्च शून्य. मला वाटतं, या प्रश्नाची खरी परीक्षा दुसऱ्याच माणसावर घ्यायला हवी. आपल्या पंगतीत बसलेला, आपले श्लोक पाठ असलेला, सगळं माहीत असून उठून गेलेला जो असतो, त्याला मोक्ष आहे का? इथं प्रत्येक धर्माची जीभ अडखळते. आणि जिथं ती अडखळते, तिथंच तो धर्म मोक्षाबद्दल बोलतोय की हजेरीपटाबद्दल, हे कळतं.

"चर्चबाहेर तारण नाही" हे वाक्य घ्या. मराठी ख्रिस्ती मोक्ष म्हणत नाहीत, तारण म्हणतात. (शब्द मोठा गंमतीचा आहे. बँकेच्या दारावर 'सोनेतारण कर्ज' अशी पाटी असते तिथलं तारणही हेच. काहीतरी गहाण पडल्याशिवाय सुटका नाही, हा अर्थ भाषेनं दोन्हीकडं सांभाळला आहे.) ते वाक्य तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या सिप्रियन बिशपांचं. पण त्यांनी ते रोमच्या मूर्तिपूजकांना उद्देशून लिहिलेलं नव्हतं. चर्च फोडून वेगळी चूल मांडणाऱ्यांशी त्यांचं भांडण होतं, पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा खरा की खोटा हा वाद होता, त्या ओघात ते आलं. म्हणजे घरातून निघालेल्यांसाठी ते जन्मलं. पुढं त्याचा पसारा वाढला. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेनं तर मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, फुटीर अशा सगळ्यांची रवानगी एका झटक्यात नरकात केली. त्याला पाचशे वर्षं उलटल्यावर, १९६४ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं दार किलकिलं केलं. ज्यांना स्वतःचा काही दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणं वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं तिनं म्हटलं. आपल्याकडं या वाक्याचं कौतुक होतं, आणि ते व्हावंच. पण त्याच दस्तऐवजात, दोनच परिच्छेद आधी, आणखी एक वाक्य आहे. चर्च आवश्यक आहे हे ठाऊक असूनही जो आत यायला किंवा आत राहायला नकार देतो, त्याला तारण नाही. अडाण्याला माफी आहे, जाणत्याला नाही. सतराशे वर्षं हिंडून वाक्य पुन्हा आपल्या मूळ गावी आलं.

मधल्या काळात एक गंमतही झाली. बॉस्टनमधले लेनर्ड फीनी नावाचे जेझुइट पाद्री "चर्चबाहेर तारण नाही" हे इतकं शब्दशः धरून बसले, वरिष्ठांनी बोलावलं तरी रोमला जायला तयार होईनात, की १९५३ साली चर्चनं त्यांनाच बाहेर काढलं.

इस्लाममध्येही नकाशा असाच दिसतो. ११११ साली वारलेल्या अल-गझाली या धर्मपंडितांनी मुसलमान नसलेल्यांचे तीन गट पाडले होते. ज्यांच्या कानावर पैगंबरांचं नावच आलं नाही ते सुटले. ज्यांनी केवळ विपर्यास ऐकला, तेही सुटले. ज्यांच्यापर्यंत खरी गोष्ट पोचली आणि तरी ज्यांनी पाठ फिरवली, ते अडकले. लांबच्या तुर्क आणि रोमनांपैकी बहुतेकांना देवाची दया लाभेल, असं हा माणूस बाराव्या शतकाच्या तोंडावर लिहितो, हे थोडं नाही. कुराणात "धर्मात जबरदस्ती नाही" असं स्पष्ट वचन आहे. आणि तरी, धर्म सोडून जाणाऱ्यासाठी जुन्या शास्त्रकारांनी बहुमतानं मृत्युदंड सांगितला. तुर्काला दया, घरातल्याला तलवार.

आता आपली पाळी. हिंदूंना या प्रकरणात आपण फार वरच्या वर्गात बसलोय असं वाटतं. गीतेचा नववा अध्याय हाताशी असतो: दुसऱ्या देवतांना श्रद्धेनं भजणारेही मलाच भजतात. श्लोकाचा शेवटचा शब्द मात्र आपण हळूच गिळतो: अविधिपूर्वकम्, म्हणजे विधी सोडून. ज्ञानेश्वरांनी तो गिळला नाही. फांद्या-पानं एकाच बीजाची खरी, पण पाणी घालायचं ते मुळालाच, असं ते म्हणतात. शरीर एकच म्हणून उत्तम स्वयंपाक करून तो कानात कोंबायचा का, फुलं आणून डोळ्यांवर बांधायची का, असंही विचारतात. 'सगळे धर्म सारखेच' म्हणणाऱ्यांनी हा दृष्टान्त एकदा नीट वाचावा. माउली कुणाला हाकलत नाहीत, पण सगळं सारखंच आहे असंही म्हणत नाहीत. विसाव्या शतकात कार्ल राहनर नावाच्या जर्मन धर्मशास्त्रज्ञानं 'अनामिक ख्रिस्ती' अशी कल्पना मांडली: भला हिंदू किंवा बौद्ध हा नकळत ख्रिस्तीच असतो आणि ख्रिस्ताच्याच कृपेनं तरतो. गीतेचं 'मलाच भजतात' आणि राहनरचं 'नकळत ख्रिस्ती' ही दोन्ही आमच्या गुरुजींची काश्यप गोत्रं. तुझं गोत्र मला ठाऊक नाही, मग माझंच एक लावतो. यात माया आहे, हे मी नाकारत नाही. त्या दिवशी गुरुजींनी काश्यप म्हटलं नसतं तर बाबांना फार लागलं असतं. पण आत्याला विचारलं असतं तर ती हसून म्हणाली असती, "अरे, मला गोत्र नको होतं म्हणून तर गेले."

उठून गेलेल्याचं आपण काय करत होतो, हे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात लिहिलेलं आहे. पतित झालेला माणूस जिवंत असतानाच सपिंडांनी, म्हणजे जवळच्या भाऊबंदांनी, गावाबाहेर जमायचं, अशुभ दिवस बघून, संध्याकाळी. दासीनं पाण्यानं भरलेला घडा, मेलेल्यासाठी करतात तसा, पायानं लवंडायचा. मग सुतक पाळायचं आणि त्याच्याशी बोलणं, बसणं, वारसा, सगळं तोडायचं. यालाच घटस्फोट म्हणतात. आज आपण हा शब्द कोर्टातल्या काडीमोडासाठी वापरतो आणि मातीचा घडा विसरून गेलोय. आत्याची बातमी आली तेव्हा आजीनं डोक्यावरून अंघोळ केली होती. तिनं मनुस्मृती वाचली नव्हती. वाचायची गरज नव्हती.

येणाऱ्याशी मात्र आपला व्यवहार वेगळा. श्रीगोंद्याचे शेख महंमद विठ्ठलाचे झाले, तर संतांच्या मांदियाळीत जाऊन बसले. "शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद" हे अजून लोकांच्या तोंडी आहे (अविंध म्हणजे मुसलमान). नेताजी पालकरांना शिवाजी महाराजांनी १६७६ साली परत घेतलं, ते आपण शाळेत छाती फुगवून शिकलो. पण घरच्याला परत घेणंही सोपं नव्हतं. १८४३ साली मुंबईत मिशनऱ्यांकडं राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या पोराला कोर्टानं घरी पाठवलं, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांवरच सनातनी तुटून पडले. पोरानं तिथं अन्न खाल्लं होतं, एवढंच. मोक्षाची गोष्ट निघाली की ती अशी स्वयंपाकघरात का जाते, हे मला एक कोडंच आहे. गोव्यातही तेच. १५६० साली तिथं बसवलेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, मुख्य रोख होता तो बाप्तिस्मा घेऊन जुन्या चालीरीती न सोडणाऱ्यांवर. १७३६ च्या जाहीरनाम्यात काय-काय बंद केलं ते बघा: अंगणातली तुळस, लग्नातली गाणी, नेसायची पुडवं, आणि बिनमिठाचा भात शिजवून वरून मीठ घेण्याची पद्धत. ख्रिस्ती भातात मीठ आधी पडलं पाहिजे. देवाच्या दारी हे विचारलं जाईल, असं त्या फादरांना खरोखर वाटत असेल?

महाराष्ट्रातल्या उठून गेलेल्यांत पंडिता रमाबाईंचं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या बाईला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तिनं १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर ती आपल्याकडं कुणाचीच राहिली नाही. तिनं मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनात मुली प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली पुण्यात वादळ उठलं, केसरीनं झोड उठवली, आणि रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी वाँटेजमधली आहे. तिथल्या सिस्टर जेराल्डिन रमाबाईंना मुलीसारखं मानत, आणि रमाबाई त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) सिद्धान्तावर त्यांच्याशी पानंच्या पानं वाद घालत. आपल्याकडच्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी १८८५ साली जेराल्डिनबाईंना लिहून टाकलं. म्हणजे पुण्यात ही बाई ख्रिस्ती म्हणून बाद, आणि वाँटेजमध्ये पुरेशी ख्रिस्ती नाही म्हणून काळजीचा विषय. केडगावच्या आपल्या वस्तीला तिनं नाव दिलं ते 'मुक्ती'. दुष्काळातून उचलून आणलेल्या, उपाशी, टाकलेल्या पोरी तिथं राहत. त्या शब्दावरचा हक्क तिनं कुणाला विचारून घेतला नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. पुढं त्या नवऱ्याकडं परतल्या, तरी बरेच दिवस सोवळं-ओवळं सांभाळत राहिल्या, आणि चार-पाच वर्षांनी स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, रडतो. पण त्या पुस्तकातली एक गोष्ट पटकन ध्यानात येत नाही. तुझा नवरा आता नरकात जाणार की स्वर्गात, हा प्रश्न लक्ष्मीबाईंना कधी फारसा छळत नाही. तो जेवला का, त्याचं कसं चाललंय, हे छळतं. टिळक स्वतः म्हणत, आपण ख्रिस्ताकडं आलो ते तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून. आणि १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही चालत. बाईंना जे चुलीपाशी कळलं, ते पंतांना बावीस वर्षांनी कळलं म्हणायचं.

गांधीजींचा उल्लेख इथं टाळता येणार नाही. सगळे धर्म खरे आणि सगळे अपुरे, ही त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती. तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला कधीच पटला नाही: सगळे खरे आहेत, तर कुणी बदलू नये. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा धर्म म्हणजे काही घर किंवा अंगरखा नव्हे, वाटेल तेव्हा बदलायला, असं गांधीजी म्हणाले. पण सगळ्या नद्या समुद्रालाच मिळतात ना? मग एखाद्यानं काठ बदलला तर एवढा आकांत कशासाठी? आणि ज्याला पाणवठ्यावर उतरूच दिलं नाही, त्यानं नदी सोडली असं तरी कसं म्हणणार? चोखोबांची समाधी पंढरपूरला पायरीशी आहे. त्यांच्या लोकांना मंदिरात जाता आलं ते १९४७ साली, साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिल्यावर. जगातल्या सगळ्यांना मोक्ष आहे असं सांगणाऱ्या धर्मात देवाच्या पायापाशी जाण्याची मात्र सगळ्यांना मुभा नव्हती.

३१ मे १९३६ ला मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी जे भाषण केलं, त्याचं नावच 'मुक्ती कोन पथे?' असं आहे. त्यात मेल्यानंतरच्या मोक्षाला फारशी जागा नाही. माणूस धर्मासाठी नसून धर्म माणसासाठी आहे, हा त्याचा कणा. वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, लाखो माणसं एकदम पंगतीतून उठली. आणि ती गेली अशा गुरूकडं, ज्यानं आपण मार्गदाता आहोत, मोक्षदाता नाही, असं सांगितलं, हे बाबासाहेबांनी मुद्दाम ठसवलं. महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग आहे. बुद्ध अखेरच्या घटका मोजतायत, आणि सुभद्द नावाचा परिव्राजक येऊन विचारतो, बाकीचे जे नावाजलेले आचार्य आहेत, त्यांना खरंच ज्ञान झालंय का? बुद्ध म्हणतात, ते राहू दे, सुभद्दा. ज्या शिकवणीत अष्टांगिक मार्ग असेल, तिथं खरे श्रमण सापडतील. या एका 'राहू दे' वर मी बरीच शास्त्रं ओवाळून टाकेन. जैनांमध्येही श्वेतांबर परंपरा सिद्धांचे जे प्रकार मोजते, त्यात 'अन्यलिंगसिद्ध' आहे: दुसऱ्या पंथाच्या वेषात असूनही मुक्त झालेला. दिगंबरांना ते मान्य नाही. वस्त्रं टाकल्याशिवाय मोक्ष नाही, म्हणून बाईला त्याच जन्मी मोक्ष नाही. एकाच घरात दोन उत्तरं.

यावर एक आक्षेप येणारच: धर्मांतरं काय सगळी विचारानं होतात? दुष्काळात धान्याच्या बदल्यात, दवाखान्यात औषधाच्या बदल्यात, गोव्यात दंडुक्याच्या धाकानं झाली, त्यांचं काय? आक्षेप खरा आहे. भुकेल्याच्या पोटावर पाय ठेवून त्याचा आत्मा मागणं ही नीच गोष्ट आहे, मग मागणारा कुणीही असो. पण हा आक्षेप जितक्या जोरात घेतला जातो, तितक्याच जोरात परत येणाऱ्याबद्दल कुणी विचारत नाही. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात तर लगेच आधीच्या धर्मात परतण्याला धर्मांतर म्हणायचंच नाही, अशी तरतूद आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या राष्ट्रपती-आदेशात आधी हिंदूंना जागा होती, १९५६ साली शिखांना मिळाली, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्या दलिताला अजून नाही. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत उभ्या राहिलेल्या माणसाला स्वधर्माबाहेर काय असतं, हे धर्मशास्त्रज्ञापेक्षा चांगलं कळतं.

मग माझं उत्तर काय? थॉमस अॅक्वायनस हे ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ तेराव्या शतकात लिहून गेले, की एखाद्याच्या बुद्धीला ख्रिस्तावर विश्वास ठेवणं वाईट वाटत असेल, तर त्यानं तो ठेवणं हेच पाप. एवढं लिहून त्याच माणसानं, पाखंड न सोडणाऱ्याला मृत्युदंड द्यावा असंही लिहिलं. मला पहिलं वाक्य हवंय, दुसरं नको. विवेकाला स्मरून जो उठला, त्यानं मोक्षाचा प्रश्न निदान मनावर तरी घेतला. मी घेतलेला नाही. मी ज्या पाटावर जन्मलो त्यावरच बसून आहे, आणि माझ्या या बसून राहण्याला निष्ठा म्हणतात. देव असेल आणि न्यायी असेल, तर त्याच्या दारात रमाबाईंना थांबवून मला आत सोडलं जाईल, हे मला पटत नाही. आत्यालाही.

आजी शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं आत्यानं केलं. मिरजेहून रजा काढून यायची, कधी पंधरा दिवस, कधी महिना. अंघोळ घालणं, पाठीच्या जखमा धुणं, भरवणं. सोवळ्याचा विषय निघाला नाही. त्या काळात आत्यानं आपल्या पाळकांना विचारलं होतं म्हणे, आईनं प्रभूला स्वीकारलं नाही, तर तिचं काय होईल? पाळक म्हणाले, "ताई, हे आपण देवावर सोपवू." त्यांच्या पुस्तकात याहून कडक उत्तर होतं. त्यांनी ते दिलं नाही.

अमावास्येनंतर मी आत्येबहिणीला फोन करून काश्यप गोत्राची हकीकत सांगितली. ती खूप हसली. मग म्हणाली, थांब, तुला एक दाखवते, आणि थोड्या वेळानं व्हॉट्सअॅपवर फोटो आला. त्यांच्या घरच्या बायबलचं पहिलं कोरं पान. अशा पानावर कुटुंबातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहून ठेवतात. सगळ्या नोंदी इंग्रजी तारखांच्या. खाली, आत्याच्या नर्सच्या गोल अक्षरात, आजीचं नाव होतं. पुढं तारीख नव्हती. 'मार्गशीर्ष वद्य तृतीया' असं लिहिलेलं होतं.